आधी झाकण, मग सोनं

दसऱ्याला आपट्याची पानं पुढे केली की मामा हात मागे घेत. "आधी झाकण, मग सोनं. लावलंत का?" अंबरपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये झाकण लावण्याजोगा मिक्सर सोडून काही नव्हतं. मी "लावलं" म्हणायचो, मग ते पानं घेत.

आमचे शेजारी. सगळे त्यांना मामा म्हणत. बेगम बाजारातल्या एका गल्लीत त्यांचं कडबाकुट्टीच्या मशीनचं दुकान होतं. हे मशीन जनावरांसाठी कडब्याचे तुकडे करतं, पण कडबा कुठला आणि हात कुठला हे त्याला कळत नाही. म्हणून पात्यांवर आणि कडबा आत ओढणाऱ्या रुळांवर लोखंडी झाकण असतं. गिऱ्हाईक आलं की चहाआधी मामांचा प्रश्न, "गावात कुणाला लागलं का?"

"मामा, शुभ बोला की!"

"शुभच विचारतो. नाही लागलं म्हण, मिठाई मागवतो."

असं विचारता विचारता त्यांच्या ध्यानात आलं, की बोटं गेल्याच्या बातम्या दसऱ्यानंतर जास्त येतात. का, ते मात्र कळेना. मग त्यांच्याच दुकानातून गेलेल्या एका मशीनवर एका बाईचा पंजा गेला. मामा आधी तिला दवाखान्यात भेटले, नंतर तिच्या गावी गेले. मशीनला हळदीकुंकू, झेंडूचा हार. आणि झाकण माळ्यावर! खंडेनवमीच्या पूजेला धुवायला काढलं, ते चढवायचं राहूनच गेलं.

"पूजा मशीनची केली, आणि राखणदाराला घराबाहेर काढलं," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत, असं मामी सांगायच्या.

तेव्हापासून दर दसऱ्याला त्यांचं सीमोल्लंघन झहीराबादकडच्या गावांत. पिशवीत नटबोल्ट, आणि सारथी मी. माझी निवड गाडी होती म्हणून झाली, अंगच्या गुणांमुळे नव्हे. पहिल्याच शेतावर मी पाना असा काही फिरवला, की होता तो बोल्टही निघून कडब्यात पडला. "भाऊ, तुम्ही आपलं स्टीअरिंगच फिरवा," मामा म्हणाले. घरी बायकोचं वेगळंच. "आपला पंखा वर्षभर करकरतोय, आणि हे निघाले मशीन नीट करायला!"

एका गावात एक सूनबाई होती. तिचं आणि मामांचं दरवर्षी वाजायचं.

"नक्को ते झाकण, मामा. कडबा अडकायलाय त्यानं."

"अडकू दे."

"तुमचं काय जातंय? म्हशी माझ्या नावानं ओरडतात."

"म्हशी थांबतील गं."

आपण किती सफाईनं कडबा सारतो, ते दाखवायला ती बांगड्यांनी भरलेला हात थेट मशीनच्या तोंडाशी न्यायची. मशीन बंद असायचं, तरी मामा डोळे मिटून घ्यायचे.

एकदा परत निघाल्यावर वेशीपाशी म्हणाले, "भाऊ, गाडी वळवा. ती काढत असेल." वळवली. खरंच, बाई पाना घेऊन बसलेली! आम्हाला बघून तिनं जीभ चावली. मामा रागावले नाहीत. गोठ्यात जाऊन बसले आणि अख्खा, न कापलेला कडबा म्हशींना हातानं भरवायला लागले. ऊन उतरलं तरी उठेनात. म्हशी चघळताहेत, मामा घामाघूम, आणि मी डासांच्या ताब्यात. शेवटी तिनं स्वतःच झाकण चढवलं.

"उठा आता, मामा. म्हशी हसायल्यात तुम्हाला."

यंदाच्या उन्हाळ्यात मामा गेले. बातमी त्या गावांतही पोचली होती. दसऱ्याच्या सकाळी मामींनी नटबोल्टांची पिशवी माझ्या हातात दिली. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा, ते मी तोवर घरच्या पंख्यावर शिकून घेतलं होतं. तरी त्या सूनबाईच्या अंगणात शिरण्याआधी मी पिशवीतला पाना दोनदा चाचपला. मामांपुढे ती नमायची; माझं कोण ऐकणार?

ती हात पुसत बाहेर आली. वाद नको, म्हणून मी आपट्याची पानंच आधी पुढे केली. तिनं हात मागे घेतला.

"आधी बघून घ्या की."

मशीनवर झेंडूचा हार होता, आणि हाराखाली झाकण. मी हलवून पाहिलं. घट्ट होतं.

मग तिनं दोन्ही पंजे पसरून माझ्यासमोर धरले. बांगड्या कोपराकडे सरकल्या. "मामांना सांगा, की..." म्हणाली, आणि तिथंच थांबली. पानं घेऊन तिनं ती झाकणावर ठेवली.

गोठ्यातून म्हैस ओरडली.

"थांब गं," ती म्हणाली.