जाऊबाईंची धाकटी सून

माझ्या थोरल्या जाऊबाई मशिनवर भरतकाम करतात. पुढच्या खोलीत मशिन, शेजारी कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरला त्यांनी खपून एक काम शिकवलं होतं. नावं दिली की एकेक नाव कपड्यावरच्या पट्टीच्या मापात बसवायचं आणि मशिनकडे धाडायचं, सगळं आपोआप. त्याला त्या 'धाकटी सून' म्हणत.

"उलट बोलत नाही, माहेरी जात नाही," असं खऱ्या सुनेला ऐकवत.

"चहा करते का पण?" सून विचारायची.

मोठ्या दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी नर्सेसच्या कोटांवर नावं भरायला दिली. सोमवारी सकाळी कोट पोचले तर कायमचं काम, नाहीतर दुसरं दुकान होतंच. शुक्रवारी स्क्रीनने विचारलं, अपडेट करू का? दारी आलेल्याला नाही म्हणवत नाही, ही आमच्या घराची खोड. जाऊबाईंनी हो म्हटलं. प्रोग्राम नव्या रूपात उघडला, गोल गोल बटणं, आणि धाकटी सून गायब.

कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली. "मॅडम, ती सोय फार कमी लोक वापरायचे, म्हणून काढली."

"मी वापरत होते ना."

"आता परत नाही येणार, मॅडम."

फोन ठेवून त्या देवापुढे जरा उभ्या राहिल्या.

"काय मागितलंत?" मी विचारलं.

"मागायचं काय त्यात? तिला मीच शिकवलं होतं. काय काय शिकवलं ते आठवत होते."

मग त्यांनी खऱ्या सुनेला कॉम्प्युटरसमोर बसवलं. सारख्या लांबीची नावं एकत्र करायची, त्या गटाचं माप एकदाच हाताने बसवायचं, पुढे नुसती अक्षरं बदलायची. सून अक्षरं बदलत गेली, जाऊबाई कोट चढवत गेल्या, मी दोरे कापत राहिले. एका नर्सचं नाव कुठल्याच गटात मावेना.

"बारशाला कोणी अडवलं नाही का हिच्या आईला?" सून म्हणाली.

देवाने दिलेली बुद्धी कुठल्या अपडेटमध्ये जात नाही, हे मी त्या दोन दिवसांत डोळ्यांनी पाहिलं.

सोमवारी दवाखान्यात मेट्रनबाईंनी नावांवरून बोट फिरवलं. "पुढचे कोटही तुमच्याकडेच," म्हणाल्या.

घरी आलो तर स्क्रीनवर पुन्हा तोच प्रश्न. सुनेने सासूकडे पाहिलं. जाऊबाईंनी चष्मा लावला, सगळं नीट वाचलं आणि 'आता नको' दाबलं.

"चहा टाक गं," त्या म्हणाल्या. "थोरल्या सुनेच्या हातचा."