डावीकडचं चाक

रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. "साहब, आप ज़रा आ जाइए," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, गाडीचं काहीतरी जास्तीचं काम निघालं असणार, विशाखा ऐकत नसणार आणि आता मध्यस्थीला माझी वरात. सोललेले दाणे झाकून ठेवले, स्वेटर शोधला, सावकाश निघालो. रशीदभाईंचं गॅरेज अधारतालच्या मेन रोडवर, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. पोचलो तर आमची पांढरी गाडी जॅकवर उचललेली होती, पुढचं डावं चाक काढून बाजूला टेकवलेलं होतं आणि स्टुलावर विशाखाची पर्स होती. ती नव्हती. "भाभीजी को अस्पताल ले गए हैं," रशीदभाई म्हणाले आणि कापडाला हात पुसत राहिले... बोलता बोलता ती स्टुलावरच एका बाजूला कलली होती. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी दवाखान्यात गेलो, तोवर सगळं आटोपलेलं होतं. संध्याकाळी कुणीतरी मटाराचे दाणे फ्रिजमध्ये ठेवले. ते पुढे कुणी खाल्ले की टाकले, मला माहीत नाही.

विशाखा माझी बायको. नागपूरची. इथल्या डिफेन्स फॅक्टरीत तपासणी विभागात तिची सगळी नोकरी गेली. तयार झालेला भाग मापून पाहायचा, बसला तर पुढे, नाही तर परत. घरीही तिचं तेच चालायचं. मी पोळपाट विकत आणला तरी ती तो ओट्यावर ठेवून डुगडुगतो का ते पाहायची. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होतो. लहानपणापासून माझा एक डोळा अधू, त्यामुळे गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. आमची प्राची शाळेत जायला लागली तेव्हा विशाखा गाडी शिकली, आणि त्या दिवसापासून मी डावीकडच्या सीटवर बसलो तो बसलोच. कॉलनीतले लोक चिडवायचे, "क्यों भैया, आज मैडम कहाँ घुमाने ले जा रही हैं?" मला राग यायचा नाही असं नाही. पण उन्हातान्हात बसची वाट पाहत उभं राहण्यापेक्षा चिडवून घेतलेलं बरं, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

तिच्या कानांचं आम्हाला उशिरा कळलं. इतकी वर्षं यंत्रांच्या आवाजात काढल्यावर बारीक आवाज तिच्यापर्यंत पोचेनासे झाले होते. बोललेलं ऐकू यायचं, पण कुकरची शिट्टी लांबून कळायची नाही, डास तर कधीच नाही. एकदा सराफ्याच्या अरुंद गल्लीत गर्दीमुळे गाडी सारखी थांबत होती आणि दर वेळी ब्रेक लागला की माझ्या बाजूने किर्र असा आवाज येत होता. मी म्हणालो, काहीतरी घासतंय. ती म्हणाली, "कुठं? मला तर काहीच ऐकू येऊन नाही राहिलं." रशीदभाईंनी चाक उघडून दाखवलं, ब्रेकचे पॅड संपत आले होते. मला वाटलं आता ही कानांवरून खट्टू होईल. तिने मात्र घरी येताना जाहीर करून टाकलं, "चलो, आजपासून डोळे माझे, कान तुमचे." तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. कुठेही निघालो की कॉलनीच्या गेटबाहेरच्या छोट्या उतारावर ती मागे-पुढे पाहून, रस्ता मोकळा असला की एकदा ब्रेक दाबायची. थंडी असो, धूळ असो, मी काच खाली करून ऐकायचो. "काय ऐकू आलं?" ती विचारायची. मी "काही नाही" म्हणालो तरी ती तेवढ्यावर सोडायची नाही. "नक्की?" मग मी म्हणायचो, "नक्की." त्यानंतरच दुसरा गिअर पडायचा. जगात दुसरं कुणी माझं म्हणणं इतकं मनावर घेतलेलं मला आठवत नाही.

या गाडीच्या पुढच्या डिस्क तिने बरीच वर्षं वापरल्या. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, पॅड तिला दोन्हीकडून आवळतात आणि गाडी थांबते. पॅड दोनदा बदलले, डिस्क मात्र प्रत्येक वेळी तिने स्वतः मापून राहू दिल्या. "पॅड बदलले का डिस्क पण बदलायची, असं काही नसतं," ती सांगायची, "जाडी आहे तोवर चालवायची. किती जाडी पायजे ते तिच्यावरच लिहिलेलं असते." गेल्या खेपेला नागपूरहून लग्न आटोपून परत येत होतो. कुरईच्या घाटात समोरच्या ट्रकमुळे सारखा ब्रेक लावावा लागत होता, आणि खरवडल्यासारखा आवाज मला येऊ लागला. मी काच खाली केली. "डावं घासून राहिलं," मी म्हणालो. ती म्हणाली, "आणि इकडं माझा पाय थरथरून राहिला. ब्रेक दाबला का पॅडल उचकते." मी तिच्याकडे बघतच राहिलो, तर म्हणाली, "काहून घाबरून राहिले तुम्ही? गाडी थांबते अजून. फक्त आता तिला सांगावं लागून राहिलं." उरलेला सगळा रस्ता तिने सावकाश, खालच्या गिअरात काढला. लखनादौनला चहा प्यायला थांबलो तेव्हाच ठरलं, की घरी गेल्यावर आधी डिस्क.

दुसऱ्या दिवशी माप घेतलं तर जाडी लिहिलेल्या आकड्याच्या खाली उतरली होती. रशीदभाई म्हणाले, खरादवर, म्हणजे लेथवर, घासून सपाट करून देतो, अजून काही दिवस निघतील. विशाखाने साफ नाही म्हटलं. पातळ तवा लवकर तापतो तशी पातळ डिस्क तापते, घाटात तिचा भरवसा नाही. मी आपला शहाणपणा केला, "उजवी तर बरी दिसते, डावी तेवढी बदलू." तेव्हा ती हसली. "दोन्ही एकदम बदलायच्या असतात. एक जुनी न् एक नवी असली का गाडी एकीकडं ओढते." डिस्क मागवल्या. त्या आल्याचा निरोप मिळाला, त्या सकाळी ती गॅरेजला गेली. उघडण्या-लावण्याच्या कामाला मी लागत नसे. माझं काम रस्त्यावर.

पुण्यानुमोदनाच्या विधीला नागपूरचे सगळे आले, बुद्धवंदना झाली, दोन दिवस घर भरलेलं होतं. मग ते गेले. प्राची बंगलोरला असते, ती राहिली तेवढी राहिली आणि तीही गेली. रशीदभाईंनी जुन्याच डिस्कवर चाक चढवून गाडी दारात आणून लावली होती. तिथे ती उभी राहिली. धुकं पडायचं, दव पडायचं, चाकाच्या फटीतून पाहिलं की डिस्कवर तांबूस गंज दिसायचा. संध्याकाळी मी जाऊन डावीकडच्या सीटवर बसायचो. वेड्यासारखं वाटायचं, पण घरापेक्षा तिथे बरं वाटायचं. घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि गाडीत तर नाहीच, पण गाडीत निदान शेजारची सीट कुणाची ते ठरलेलं होतं. प्राची फोनवर म्हणायची, "बाबा, गाड़ी बेच दो ना, खड़े-खड़े सड़ जाएगी." तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. मराठीत मला उलटून बोलणारं या घरात एकच माणूस होतं. गाडी गेली की माझी डावीकडची जागाही जाणार होती, आणि प्राचीला हे फोनवर कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं. मी म्हणायचो, बघू.

शेवटी पूनमने विचारलं, गाडी मला विकता का. पूनम प्राचीची शाळेतली मैत्रीण, गढ्याला राहते, आईला सारखं दवाखान्यात न्यावं लागतं. तिला नाही कसं म्हणणार? फक्त मी म्हणालो, थोडं थांब, ब्रेकचं काम राहिलंय. "अंकल, वो मैं करवा लूँगी," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या हातात गाडी देताना ब्रेक नीट करूनच द्यायचा, हे विशाखाचं होतं... आणि तिचं अर्धवट राहिलेलं हे एकच काम मला पुरं करता येण्यासारखं होतं. रशीदभाईंनी तिच्याचसाठी आलेल्या डिस्क जपून ठेवल्या होत्या. त्यांनी दोन्ही बसवल्या, पॅडही नवे घातले, आणि पूनमला बजावलं की सुरुवातीला ब्रेक हळू लावायचा, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला वेळ लागतो. मग मला म्हणाले, "साहब, आप भी बैठिए. सुन लीजिए एक बार." म्हणजे विशाखाने त्यांना माझ्या कानांबद्दल सांगितलं होतं.

मी बसलो. काच खाली केली. गेटबाहेरच्या उतारावर मी पूनमला ब्रेक लावायला सांगितलं. तिने लावला. गाडी अलगद थांबली. मी कान देऊन ऐकलं... काही नाही. नव्या ब्रेकला आवाज नसतोच. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ काही-नाही मी ऐकलं नव्हतं. "कुछ नहीं है," मी म्हणालो. "थैंक यू अंकल," पूनम म्हणाली आणि तिने गाडी पुढे काढली. तिने पुढे काही विचारलं नाही, विचारण्याचं कारणही नव्हतं. तेवढ्यात मला एकदम रडू आलं. बिचारी घाबरली, गाडी बाजूला घेऊन पाणी दिलं तिने. मी सांगितलं, धूळ गेली डोळ्यात.

जुन्या डिस्क रशीदभाई भंगारात टाकणार होते. त्यातली डावी मी मागून घेतली. ती आता खिडकीत कढीपत्त्याच्या कुंडीखाली असते. बाहेरची कड अजून उंच आहे, कारण पॅड तिथपर्यंत पोचत नाही, आणि आतला भाग बशीसारखा खोल गेला आहे. बोट फिरवलं की कळतं. विशाखाचा प्रत्येक ब्रेक त्यात गेला आहे, सराफ्यातला, घाटातला, गेटबाहेरच्या उतारावरचा, रस्ता ओलांडणाऱ्या म्हशींसाठीचा. आमच्या खिडकीखालीच स्पीडब्रेकर आहे. संध्याकाळी मी खुर्ची घेऊन तिथे बसतो आणि गाड्या एकेक करून तिथे थबकतात. बऱ्याच गप्प असतात. एखादी किरकिरते.

"डावं घासून राहिलं," मी म्हणतो.

मग थोडं थांबतो... आणि म्हणतो, "नक्की."