शोभाताईचं कार्ड

एक ओळ मी लिहिली होती. पुढे मीच ती पुसली. मधल्या काळात माझ्याशिवाय ती कुणी वाचली नाही आणि तिच्याबद्दल मी आजवर कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही — बायकोजवळ नाही, मित्राजवळ नाही, देवासमोर तर नाहीच, कारण तिथे हात जोडले की मी मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवत बसतो. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती. नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी परत आलो होतो. सोबतची पोरं पुण्याला गेली. मला कुणी बोलावलं नाही, म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरायचो की पुण्यात हमालीच आहे, फक्त टाय लावून करायची. वर्ध्याच्या बसस्टँडजवळ एक खोली भाड्याने घेतली, दोन कॉम्प्युटर मांडले, बाहेर इंग्रजी पाटी लावली आणि आत बसून अख्ख्या जिल्ह्याला मूर्ख समजू लागलो. हे काम मला फार चांगलं जमायचं. सॉफ्टवेअरपेक्षाही चांगलं.

पहिलं मोठं काम आमच्याच समाजाच्या मंडळाचं मिळालं — वधू-वरांची वेबसाइट. अध्यक्षांचं शेतीच्या पाइपांचं दुकान होतं. त्यांना प्रत्येक फोटोभोवती गुलाबाच्या फुलांची किनार हवी होती आणि रंगाच्या रकान्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असा उतरता क्रम. सावळा सगळ्यात खाली, हे त्यांनी दोनदा बजावलं. स्वतः डांबरासारखे काळे! आणि ती स्थळं! एकाने लिहिलं होतं, नोकरीवाली मुलगी पाहिजे, नोकरी सोडण्याची तयारी हवी. एकाने स्वतःच्या फोटोऐवजी मोटरसायकलचा फोटो दिला होता, हा कोपऱ्यात अर्धा. मी हसायचो. तुम्हीही हसला असता, खोटं कशाला बोलता?

आता थोडं कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आधी आम्ही पानं कशी बनवायचो? प्रत्येक पानावर तोच चौकोन पुन्हा पुन्हा लिहायचा — फोटो, नाव, जन्मसाल, शिक्षण, उंची. एक बदल करायचा तर सगळी पानं उघडत बसा. मग मी एक नवं फ्रेमवर्क शिकलो. त्यात कंपोनंट बनवता यायचा. म्हणजे तो चौकोन एकदाच लिहायचा, त्याला नाव द्यायचं आणि जिथे पाहिजे तिथे नावाने बोलवायचा. विटांचा साचा असतो ना, तसं. मी 'कार्ड' नावाचा कंपोनंट केला. यादीत तेच कार्ड, शोधात तेच, 'नवीन स्थळं' या पानावर तेच, मेळाव्यासाठी छापायच्या पुस्तिकेतही तेच. एका ठिकाणी बोट लावलं की सगळीकडे बदल. त्या कार्डाचा मला इतका गर्व होता की मी ते अध्यक्षांनाही समजावून सांगितलं. ते म्हणाले, "गुलाब थोडे मोठे करा जी."

त्या साइटवर माझ्या बहिणीचंही नाव होतं.

शोभाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं घर पवनारला. आई लवकर गेली होती आणि बाबांना लकवा झाल्यापासून ते खाटेवर होते, एक बाजू पूर्ण गेलेली. ताई वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथालयाच्या खिडकीवर पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. सकाळी बाबांचं सगळं — सगळं म्हणजे सगळं — आटपून, स्वयंपाक करून, माझा डबा भरून ती एसटी पकडायची आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा तेच. मी काय करायचो? मी मोटरसायकलवर जायचो. मला घाई असायची.

साइट सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्यासाठी तीन-चार फोन आले. सावळी होती, यादीत खाली होती, तरी आले. ती खूश झाली. दाखवत नव्हती, पण स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती. मी प्रत्येक स्थळाची टर उडवली. हा टकला, तो मामाच्या जिवावर जगणारा, तिसऱ्याचं आडनावच हास्यास्पद. ती हसायची. मला वाटलं, माझं काम झालं.

मग ती मावशीसोबत गिरडला गेली, टेकडीवरच्या दर्ग्यात. मुक्काम मावशीच्या गावी होता, दोन-तीन दिवसांचा. मावशी म्हणाली होती, लग्नाचा नवस बोलून येऊ. मी त्याचीही टर उडवली. आणि मग ते दोन-तीन दिवस मी बाबांजवळ होतो.

तुम्ही आजारी माणसाचं केलं आहे का? केलं असेल तर तुम्हाला माहीत आहे. मला नव्हतं माहीत. भांडं देणं, पुसणं, कूस बदलणं, भात भरवताना तो गालातून परत येणं. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना लाज वाटत होती आणि मला किळस येत होती, आणि दोघांनाही एकमेकांचं कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या काकूंना बसवून दुकानात पळालो. कॉम्प्युटर सुरू केला. ही गेली तर हे रोजचं माझ्या गळ्यात पडणार — एवढा एकच विचार डोक्यात होता. प्रेम नाही, काळजी नाही, काही नाही.

मी कार्डाचा कंपोनंट उघडला आणि त्यात एक ओळ घातली. नोंदणी क्रमांक शोभाताईचा असेल आणि पाहणारी ती स्वतः नसेल, तर काहीच दाखवू नको.

बस. सगळ्या पानांवरून ती गेली. जागाही रिकामी राहिली नाही, मागचं कार्ड पुढे सरकलं. तिने स्वतः तिच्या नावाने साइट उघडली की मात्र तिला तिचं कार्ड दिसायचं, गुलाबांसकट. तेवढी काळजी मी घेतली होती. मी चांगला प्रोग्रॅमर होतो.

फोन थांबले. ती आधी रोज विचारायची, "कोणाचा फोन आलता काय रे?" मग आठवड्यातून एकदा. मग ती म्हणाली की फोटोच चांगला नसेल, आणि मैत्रिणीची साडी मागून स्टुडिओत जाऊन नवा काढून आली. मी तो चढवला. तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवून, तिच्याच नावाने साइट उघडून दाखवला. ती पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हा बरा आला, नाई?" मी हो म्हणालो. पुढच्या वर्षी तिने आणखी एक काढला. तोही मी चढवला. किनार नीट बसावी म्हणून दोन्ही बाजूंनी कापला. कुणालाच न दिसणारा फोटो — आणि मी त्याच्या कडा जुळवत होतो! असा माणूस तुम्ही पाहिला आहे का?

मी स्वतःला सांगायचो की मी तिला वाचवतोय. त्या मोटरसायकलवाल्यापासून, त्या नोकरी सोडायला लावणाऱ्यापासून. आहेच कोण लायकीचं? माझी सगळी तुच्छता तेव्हा माझ्या फार उपयोगाला आली. रोज नवं स्थळ नोंदवायचं, रोज नवं नाव ठेवायचं, आणि रात्री ताईने वाढलेलं जेवायचं. माझं लग्न त्याच साइटवरून जमलं, हेही सांगून टाकतो. माझं कार्ड व्यवस्थित दिसत होतं. ताईच म्हणाली होती, "तू करून घेजो. माझ्याकरता थांबू नको."

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, नीच आहे, पण समजू शकतो. नका समजू. अजून आहे.

एक दिवस दुपारी दुकानात एक माणूस आला. सेलूचा होता, वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. चपला बाहेर काढल्या, जे माझ्या दुकानात कुणीच करत नसे. बसा म्हटल्यावर बसला. सेलूहून येणारी त्याची एसटी पवनारला थांबायची, ताई त्याच बसमध्ये चढायची. बरेच महिने दोघं बोलत होते, म्हणजे पुस्तकांबद्दल. ती त्याला ग्रंथालयातली पुस्तकं स्वतःच्या नावावर काढून देत होती. तो समाजातलाच होता आणि तीही आपल्यातलीच, हे त्याला तिच्या आडनावावरून कळलं होतं.

"भाऊ, मॅडम म्हणाल्या साइटवर पाहा," तो म्हणाला. "मी पाह्यलं. मले दिसून नाई राह्यलं. म्हटलं आपलंच चुकत असन. मंग वाटलं, तुमाले भेटूनच विचारावं. वडील आजारी आहेत म्हणे."

म्हणजे तिने त्याला पाठवलं होतं. तिच्या पद्धतीने, मान खाली घालून, पण पाठवलं होतं.

मी त्याच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं काहीतरी शोधत होतो. शर्टाची कॉलर झिजलेली होती. नखांत ग्रीस होतं. बोलणं गावाकडचं. एवढंच मिळालं. पगार ठीक होता, घर स्वतःचं होतं, आई-वडील नव्हते, दारू-खर्रा कसलंच व्यसन नाही. तो म्हणाला की बाबांना सोबत आणलं तरी चालेल, घर मोठं आहे. ऐकलं तुम्ही? बाबांना सोबत. ज्याची मला भीती होती, तेच तो उचलून न्यायला तयार होता. मला 'हो' म्हणायला काय हरकत होती? काहीच नव्हती. उलट माझी सुटकाच होती.

मग का नाही म्हणालो? मी पुष्कळ विचार केला आहे. 'हो' म्हणायचं तर तिचं कार्ड का दिसत नाही, हे सांगावं लागलं असतं — निदान काहीतरी रचून सांगावं लागलं असतं. आणि हा ग्रीसच्या नखांचा माणूस मला पकडणार, हे मला सहन झालं नाही. मी, नागपूरहून शिकून आलेला. बस एवढ्यासाठी.

"तिचं जमलं आहे," मी म्हणालो. "म्हणूनच नाव काढलं साइटवरून."

त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग त्याने हात जोडले. "चांगलं झालं जी. चांगल्या आहेत त्या," म्हणाला आणि चपला घालून गेला. पुढे मला कळलं, त्याने बस बदलली, सकाळी लवकरची धरली. दुसऱ्याची ठरलेली बाई म्हणून. आमच्या गावाकडची माणसं मूर्ख असतात म्हणायचो ना मी, ती अशी.

नंतर बाबा गेले. मग मंडळाने साइट नागपूरच्या एका कंपनीकडे द्यायचं ठरवलं आणि माझा कोड मागितला. तेव्हा मी ती ओळ पुसली. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे — नागपूरचा कुणी पोरगा माझा कोड वाचून काय म्हणेल, याची लाज वाटली म्हणून. ओळ पुसताच ताईचं कार्ड सगळ्या पानांवर एकदम आलं. फोटो नवाच होता, वय मात्र आता पुढे गेलेलं. त्यानंतर खरंच कुणी फोन केला नाही.

त्या दिवशी घरी जेवताना मी म्हणालो की साइटचं काम गेलं. बायको माहेरी होती. ताई पोळ्या करत होती. तवा उतरवून ती बोलली, अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

"तो सेलूचा एक होता, बसमधला. मीच सांगतलं होतं त्याले, साइटवर पाह्य म्हून. मंग तो दिसलाच नाई पुन्हा." तिने पोळी घडी करून ठेवली. "पाह्यलं असन त्यानं. वय पाह्यलं असन, फोटो पाह्यला असन. नसन आवडलं. त्याची काई चूक नाई."

तिथे सांगता आलं असतं. ती समोर होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, मला भूक लागली होती यापलीकडे दुसरी अडचण नव्हती.

"असन," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि माझ्या ताटात गरम पोळी वाढली, वर तूप घातलं. मी ती खाल्ली. आणखी एक मागितली.