काच बघणारे चाचा

हातात काहीही आलं की चाचा ते आधी उजेडाकडे धरत. चहाचा ग्लास, कलिंगडाची फोड, कुणाचा नवा मोबाइल, काहीही. मग डावा डोळा मिटायचा, मान जराशी तिरकी करायची, ‘हूं’ म्हणायचं आणि निकाल द्यायचा. वस्तू दुसऱ्याची आहे, आपल्याला कुणी विचारलेलं नाही, याचा त्यांना कधी संकोच वाटला नाही. “काच बघावी, नाव नको बघू,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कलिंगडालाही तेच.

अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील आणि तुम्हाला ती आवडतही असतील. मला चाचांचा हेवा वाटायचा, आणि तो चांगला घसघशीत हेवा होता.

इकडे आखातात, सनाबिसला, आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहत. मूळचे मुरूडजवळच्या गावचे. बायको गावी, मुलगे आपापल्या संसारात. अस्करकडच्या एका कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर होते आणि ओळख झाल्यावर पाच मिनिटांत समोरच्याला ते कळलेलं असे. मी पुण्याचा, सीफमधल्या ऑफिसात अकाउंटंट. आमचं फार काही जमण्यासारखं नव्हतं. जमलं ते माझ्या मुलीचं.

ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पुढच्या वर्षी कॅनडाला शिकायला जायची होती. मराठी तिला सगळं कळतं. मी विचारायचो, “जेवलीस का गं?” ती म्हणायची, “येस बाबा, आय एट.” जायच्या आधी पोरीनं माझ्याशी आपणहून चार वाक्यं आपल्या भाषेत बोलावीत, एवढी एकच हाव मला उरली होती. तिकडे गेल्यावर तर तीही आशा नव्हती.

त्या वर्षी तिला रायफलचं वेड लागलं. शूटिंग क्लबमध्ये टेबलावर रायफल टेकवून पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा. रायफल क्लबची, परवाना क्लबचा, पण वर बसवायची दुर्बीण ज्याची त्यानं आणायची. नवी युरोपियन दुर्बीण माझ्या आवाक्यातली नव्हती. स्वस्तातली नवी घ्यावी असं मी म्हणतोय तोवर चाचा जिना चढून आले. कॉलेजात असताना त्यांनी एनसीसीत रायफल चालवली होती, एवढं निमित्त त्यांना पुरेसं होतं.

“भाऊ, स्वस्त नवीपेक्षा चांगली जुनी घ्या. युरोपातली. पण बघून.”

मग दर शुक्रवारी आमची वरात क्लबवर निघे. गाडी मी चालवायची, कारण चाचांनी स्वतःची गाडी विकून टाकली होती. “पार्किंगची कटकट कोण करील?” म्हणत. तिथे पोचलं की व्हरांड्यातल्या एका ठरावीक प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसत आणि मगरिबच्या नमाजाच्या थोडं आधी, उजेड उतरायला लागला की म्हणत, “यल्ला, चला. आता काचेची जात कळंल. दुपारच्या उन्हात सगळ्याच काचा हुशार असतात.”

कुणाकुणाच्या विकायच्या दुर्बिणी तिथे यायच्या. चाचा एकेक उचलून डोळ्याला लावत, ‘हूं’ म्हणत आणि मुलीच्या हातात देत.

“आता तू बघ गो. काय दिसतं ता सांग.”

“इट्स अ बिट हेझी अराउंड द...”

“इंग्रजी मला ऑफिसात पुरतं. दुर्बिणीचं मराठीत सांगायचं.”

आणि ती सांगायची! अडखळत, शब्द शोधत, हातवारे करत. “कडेला... धुकं आहे, चाचा. मधे स्वच्छ. कागदाची कड पिवळी दिसते.” चाचा पुढे विचारत. टॉर्च मारून आत बघ, बुरशीची जाळी दिसते का? इथल्या दमट हवेत ती धरते. नळीवर रायफलीला बांधायच्या कड्यांनी दाबल्याचे वळ आहेत का? किती खोल? ती वाकून बघे आणि सांगत राही. ‘ओरखडा’ हा शब्द माझ्या मुलीच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा तिथे ऐकला. तो मला उद्देशून नव्हता. मी तिघांचा चहा घेऊन खांबापाशी उभा होतो.

परतताना ती गाडीत पुढे त्यांच्या खांद्यावरून वाकून बोलत असे. मी मध्येच काही विचारलं की उत्तर इंग्रजीत. हा अन्याय आहे असं मला वाटायचं, आणि आजही वाटतं.

शेवटी मी ठरवलं की दुर्बीण मीच आणायची. अदलियात एका व्हिलामध्ये कायमचा मायदेशी निघालेला एक जर्मन गृहस्थ सामान विकत होता. तोही क्लबचा सभासद, त्यामुळे क्लबच्या वहीत दुर्बिणीच्या नोंदीची अडचण नव्हती. त्याच्याकडची दुर्बीण बघून माझे डोळे दिपले. काळी, चकचकीत, एक ओरखडा नाही, आणि वर असं नाव की चाचांचीही बोलती बंद व्हावी. मी घेतली. शुक्रवारी व्हरांड्यात मोठ्या थाटात पेटी उघडली.

चाचांनी डावा डोळा मिटला, ‘हूं’ केलं आणि दुर्बीण मुलीला दिली. “टेबलावर घट्ट टेकव. आता नुसता डोळा इकडे-तिकडे हलव. आतली नेमाची फुली कागदावर हलते काय?”

“हलते, चाचा. खूप हलते.”

“नळीच्या खाली बोट फिरव.”

“पट्टी आहे. लांब.”

चाचा माझ्याकडे वळले. ही शंभर मीटरवर जुळवलेली शिकारीची दुर्बीण. पन्नासला नेमाचा भरवसा नाही. आणि तिला कड्या नाहीत, ती पट्टीवर बसते, क्लबच्या रायफलीवर बसायचीच नाही. “वस्तू एक नंबर हाय, भाऊ. रानडुकराला.”

ते हसले. मुलगी हसली नाही. तिनं माझ्या दंडावर हात ठेवून म्हटलं, “इट्स ओके, बाबा.” मराठीत रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढे चाचांनी पसंत केलेलीच दुर्बीण आली. ऑस्ट्रियातली, नळीचा रंग उडालेला, दिसायला अगदी दरिद्री. ती पारखायला मुलीनं नेम सरकवायचं वरचं बटण वीस खटके फिरवलं, बाजूचं वीस, मग एकेक करून दोन्ही उलटी फिरवून मूळ जागी आणली. दर वळणावर एक गोळी. कागदावर नीट चौकोन झाला आणि शेवटची गोळी पहिल्या भोकातच गेली. “चाचा, परत तिथेच! परत तिथेच आली!” ती खुर्चीपर्यंत धावत गेली. मीही होतो तिथे. खांबापाशी.

त्या खुशीत आम्ही अदलियात जेवायला गेलो. तिथे चाचांनी मेनू उजेडाकडे धरला, डोळा मिटला, आणि माझ्याकडे सरकवला. “वाचा तुम्हीच.” मला वाटलं, हाही एक रुबाब.

मे महिन्यात त्यांचं काम संपलं, व्हिसा कॅन्सल झाला. कुणी कायमचं निघालं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. फ्रिज एकानं बोलून ठेवलेला, पलंग दुसऱ्यानं, कुकर तिसऱ्यानं. मी काही मागितलं नाही. मुलीची परीक्षा होती म्हणून विमानतळावर त्यांना मी एकटाच सोडायला गेलो. पुलावर समोरच्या गाड्यांचे दिवे आले तसा त्यांनी उजव्या डोळ्यावर हात धरला.

“भाऊ, आता सांगायला हरकत नाय. हा डोळा खलास हाय. आतला पडदा गेला, ऑपरेशन मफी, होणारच नाय. कंपनीला कळलं असतं तर आधीच घरी बसवला असता. डाव्यानं काम भागतं, पण बारीक फुली दिसत नाय.”

“मग त्या दुर्बिणी? तुम्ही तर चांगला डावाच डोळा मिटायचात.”

“त्या पोरीनं बघितल्या. मी नुसता ऐकत होतो. इंग्रजीत ती पटकन ‘फाइन’ म्हणून मोकळी होते. मराठीत तिला थांबून बघावं लागायचं.”

वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण खरं सांगतो, आधी हेवाच वाटला. या माणसाला माझ्या मुलीच्या बोलण्याची गरज होती. दिसत नव्हतं म्हणून तो ऐकत बसला, आणि सगळं त्याला मिळालं. मला धडधाकट डोळे देऊन देवानं काय साधलं?

तिच्या जायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही दोघंच क्लबवर गेलो. व्हरांड्यातली ती खुर्ची कुणी भिंतीला टेकवून ठेवली होती. मुलीनं ती ओढून टेबलापाशी आणली, मला बसवलं आणि ती दरिद्री दुर्बीण माझ्यापुढे केली. उजेड उतरला होता.

“बाबा, डोळा मागं घे. घाई नको.” मग पाठीमागून, अगदी त्यांच्या सुरात, “आता काय दिसतं ता सांग.”

शब्द चाचांचे, सूर चाचांचा, खुर्चीसुद्धा त्यांचीच. माझ्या वाट्याला आलं तेही त्यांचं उष्टं. मी डोळा लावला. कागद दिसला, त्याची पांढरी कड दिसली, ते सांगून झालं.

“अजून?” ती म्हणाली.

तोवर अंधार झाला होता, आता काहीच दिसत नव्हतं. पण थांबलो तर ती इंग्रजीवर जाईल या भीतीनं मी डोळा न काढता सांगत राहिलो.