आजोबांच्या पेटीत

विद्यार्थी तिला कवटीबाई म्हणत, आणि हे नाव आपल्या कानावर कधी आलंच नाही असं ती दाखवत असे. मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला माणूस कसा घडला हे शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. पहिल्या तासाला ती फळ्यावर काही लिहीत नसे. एका हातात चिंपांझीची कवटी, दुसऱ्या हातात माणसाची, आणि दोन्ही उलट्या करून ती तळाचं भोक दाखवायची. मेंदूतून पाठीच्या कण्याकडे जाणारी दोरी त्यातून खाली उतरते. चिंपांझीचं भोक मागे सरकलेलं, माणसाचं पार मध्यापर्यंत आलेलं, कारण त्याचं डोकं मानेवर तोललेलं असतं.

"आपण आधी उभे राहिलो, शहाणे बऱ्याच उशिरा झालो," ती म्हणायची. "काही जण अजून व्हायचे आहेत."

वर्ग हसायचा आणि विषय सुरू व्हायचा. घरी तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा की आमच्याकडे डोक्याचं काम हीच करते, मी फक्त भाजी चिरतो.

पण तिच्या कामाचा एक भाग असा होता की त्यावर कोणी विनोद करत नसे. संस्थेच्या तळघरात लोखंडी कपाटांत शेकडो कवट्या होत्या. फार पूर्वी काही विद्वानांनी त्या जमवल्या होत्या. कवटीत मोहरी भरून ती मापली की कोणती माणसं वरची आणि कोणती खालची हे कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. ते शास्त्र खोटं ठरलं, मोहरी गेली, कवट्या मात्र राहिल्या. तुरुंगातून, इस्पितळांतून, उकरलेल्या थडग्यांतून आणलेली ही माणसं. त्यांतल्या कोणालाही कोणी विचारलेलं नव्हतं.

त्यांतलाच एक होता दगडखाणीतल्या संपाचा पुढारी. गोळीबारात तो मेला तेव्हा पन्नाशीचा, धिप्पाड गडी होता. धड घरच्यांना मिळालं, डोकं शास्त्रासाठी म्हणून इथे आलं. त्याचा मुलगा जन्मभर ते परत मागत राहिला आणि मागता मागताच गेला. मग मुलाच्या मुलीने, आता स्वतः आजी झालेल्या बाईने, तो अर्ज हातात घेतला. अखेर सरकारने होकार दिला. दिवस ठरला, सभागृहात खुर्च्या मांडल्या गेल्या, बातमीदारांना बोलावणी गेली.

त्या सकाळी कवटीबाईने त्याच्या नावाची पेटी उघडली ती फक्त धूळ पुसायला. कवटी उचलली आणि तिचे हात जागीच थांबले. भुवईवरचं हाड गुळगुळीत, कानामागचा उंचवटा चिमुकला, अक्कलदाढ नुकती कुठे जबड्यातून वर आलेली, तळाचा सांधा अजून पुरता जुळलेला नाही. पन्नाशीचा पुरुष कुठला? ही बहुधा सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती.

पेटी ज्या कपाटातली होती ते तिने धुंडाळलं. पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषाच्या म्हणता येतील अशा दोन कवट्या निघाल्या. त्यांतली एक त्याची असेल, किंवा एकही नसेल. वर सभागृहात ध्वनिक्षेपक तपासत होते, आकडे मोजणारा आवाज जिन्यातून खाली येत होता.

संचालक वाईट माणूस नव्हता, हीच खरी पंचाईत होती. तिचं बोलणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग दार लोटलं आणि हळू आवाजात समजूत घालायला लागला. त्या आजी ऐंशीला टेकल्यात. तीन पिढ्यांनी वाट पाहिली आहे. आज रिकाम्या हाताने पाठवलं तर त्या पुन्हा येतील की नाही कोण जाणे. त्या दोन कवट्यांमधली एक पेटीत ठेवू, पुढेमागे तपासणी करू. आजींना शांतपणे झोप लागेल.

"आणि आपल्याला?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "तुम्हाला खात्रीने सांगता येतं का, की त्यांतली एकही त्यांच्या आजोबांची नाही?"

नव्हतं सांगता येत. वर्गात हे ती शंभर वेळा बोलली होती, की हाड वय सांगतं, कष्ट सांगतं, कधी उपासमार सांगतं, पण नाव सांगत नाही. पेटी तयार करून वर आणा, एवढं बोलून तो निघून गेला.

ती तळघरात परतली. दोनपैकी जरा दणकट कवटी तिने पेटीत ठेवली सुद्धा. झाकण लावलं. पेटी उचलून ती जिना चढली, आणि सभागृहाकडे वळायच्या ऐवजी पाहुण्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत जायचं ठरवलं असं नव्हतं. पायच तिकडे गेले.

आजी खुर्चीत ताठ बसली होती, मांडीवर पांढरी सुती चादर घडी करून. शेजारी तिचा पुतण्या उभा होता. तो वेल्डिंगचं काम करायचा आणि त्याच्या हातांवर ठिणग्यांचे डाग होते. पेटी बघताच आजीने चादरीची घडी उलगडायला घेतली.

"आजी, थांबा," कवटीबाई म्हणाली. "यात तुमचे आजोबा आहेत की नाहीत, मला माहीत नाही."

मग तिने सगळं सांगितलं. आजोबांच्या नावाच्या पेटीतली मुलगी, कपाटातल्या दोन कवट्या, आणि ही एक आपणच आत्ता या पेटीत ठेवली हेसुद्धा.

पुतण्याचा चेहरा लाल झाला. तो एक पाऊल पुढे आला आणि क्षणभर तिला वाटलं, आता हा हात उगारणार. त्याने पेटीवर हात आपटला. आधी डोकं चोरलंत, आता ते हरवलंत, आणि वर आम्हाला शिकवायला आलात, असं तो दातओठ खात म्हणाला. दारात संचालक येऊन उभा राहिला होता, पांढराफटक.

आजीने चादरीची सुरकुती बोटाने सरळ केली.

"त्या पोरीला न्यायला कोणी आलं होतं का?" तिने विचारलं.

"नाही."

"हं," आजी म्हणाली, आणि चादर पुन्हा घडी केली. "ही मी नेणार नाही. परक्याला आजोबा म्हणून पुरलं, तर माझा बाप मला काय म्हणेल?"

सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्याच उचलल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बातम्यांत संस्थेचे वाभाडे निघाले. चौकशी बसली. संग्रहाची जबाबदारी कवटीबाईकडून काढून घेतली, शिकवणं तेवढं राहू दिलं. सहकारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसायला लागले. नवरा म्हणाला, भाजी आता दोघांनी चिरू, वेळ आहे. ती हसली, मग रडली.

आजीच्या थुंकीचा नमुना आणि दोन्ही कवट्यांच्या दाढांचे तुकडे प्रयोगशाळेत गेले. निकाल यायला हिवाळा उजाडला. दोन्हींपैकी कोणाचंही आजीशी नातं नव्हतं. पत्र पाठवून भागलं असतं, पण कवटीबाईने फोन केला.



"म्हणजे ते अजून तिथेच आहेत?" आजीने विचारलं.

"असावेत. किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेत. मला खरंच माहीत नाही."

"मग शोधा," आजी म्हणाली, आणि फोन ठेवला.

चौकशी समितीलाही शेवटी सगळा संग्रह तपासायचाच होता, आणि कवट्या वाचणारं दुसरं कोणी हाताशी नव्हतं. तिला तळघराची किल्ली परत मिळाली. माफी कोणी मागितली नाही. ती रोज तास संपला की खाली जायची आणि एकेक कपाट रिकामं करायची.

एका दुपारी पुतण्या आला. आजीने पाठवलं असेल किंवा नसेल, त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. तो दारातच उभा राहून कपाटांच्या रांगांकडे बघत राहिला. इतकी असतील असं वाटलं नव्हतं, म्हणाला. मग काही काम असेल तर सांगा, असंही म्हणाला, तिच्याकडे न बघता.

तिने त्याला हातमोजे दिले.

"दोन्ही हातांनी उचलायची," ती म्हणाली, "खालून आधार देऊन. डोळ्यांत बोटं घालायची नाहीत."