आग्लायाची दोन तासांची वाट

परदेशातल्या बोलोन्याहून आग्लायाच्या गावाजवळचं याश शहर हवेतून जेमतेम तेराशे किलोमीटर. विमानाला दोन तास पुरतात. आग्लाया बोलोन्याला परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, तेव्हा मात्र आठवड्याला एक मिनीबस हाच रस्ता होता. दीड दिवस हाडं खिळखिळी करणारा. त्याच गाडीतून ती आईला कॉफी आणि लोकरीचे मोजे धाडी, आई तिला मेंढीच्या दुधाचं चीज.

पुढं विमान सुरू झालं. आग्लायानं हरखून फोन केला, "आई, आता दोन तासांत घरी!"

"दोन तास? तेवढ्यात तर माझं पावाचं पीठ फुगतं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "एवढी जवळ आहेस, तर येत का नाहीस गं?"

ज्यांची सेवा करायची त्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना सोडून आग्लायाचा पाय निघत नसे. मिनीबस होती तोवर दोष निदान रस्त्याचा होता.

हिवाळ्यात आई गेली. दफन तिसऱ्या दिवशी दुपारी. आग्लायाला त्याच दिवशीचं सकाळचं विमान मिळालं, आणि नेमकं बोलोन्यावर धुकं उतरलं.

"पोचलीस?" धाकट्या भावानं, तोआदेरनं, फोनवर विचारलं.

"विमानतळावर आहे. इथल्याच."

"ताई, अंधाराआधी पुरायला हवं. पाद्रीबाबा थांबायचे नाहीत."

"झाकण लावू नका रे. एकदा तोंड पाहू दे तिचं."

उशिरा सुटलेल्या विमानानं येऊन ती गावच्या वळणाशी टॅक्सीतून उतरली, तेव्हा ऊन टेकडीवर गेलं होतं. चर्चपासून दफनभूमी हाकेच्या अंतरावर. सगळं उरकलं असणार, असं समजूनच ती चालू लागली. पण रुक्सांदाकाकूच्या फाटकासमोर भर रस्त्यात माणसं उभी होती. मधे उघडी शवपेटी, पुढं मातीत अंथरलेला टॉवेल.

गावची रीत होती: चौक किंवा पूल आला की प्रेतयात्रा थांबवायची, टॉवेल अंथरायचा, प्रार्थना म्हणायची. तो टॉवेल म्हणजे जिवाला पलीकडं जायचा पूल. पण इथं ना चौक, ना ओढा.

"काकू, इथं कशाला थांबलात?"

"माझ्या कोंबड्या इथूनच रस्ता ओलांडतात. चौकच की तो!" रुक्सांदाकाकूनं डोळे पुसले. "प्रत्येक फाटकापुढं पूल घातलाय, पोरी. लेकीच्या लग्नाला विणलेले टॉवेलसुद्धा काढले. पाद्रीबाबांचा घसा बसला, पण बोलले नाहीत काही."

आग्लायानं आईच्या गार गालाला हात लावला. "आले गं," एवढंच म्हणाली.

यात्रा हलली. दफनभूमीच्या फाटकाशी तोआदेरनं टॉवेलांची रिकामी पिशवी उलटी करून दाखवली. आग्लायानं डोक्याचा रुमाल सोडला आणि आईपुढं मातीत अंथरला.

पाद्रीबाबांनी घसा खाकरला, आणि पुस्तक पुन्हा उघडलं.