संध्याकाळचे दोन तास

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या गल्लीत दहावी-बारावीची मुलं असलेल्या बऱ्याच घरांत मी आखून दिलेलं वेळापत्रक भिंतीवर लागलेलं आहे. आईबाप मुलाला घेऊन येतात, चहा घेतात आणि म्हणतात, “बाबूजी, याचंही बसवून द्या.” कॉलेज, क्लास, ट्यूशन, रविवारची टेस्ट, जेवण, झोप, सगळं मी बसवून देतो. नोकरीभर रेल्वेत गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, म्हणून लोकांचा माझ्यावर विश्वास. त्या विश्वासाला मी लायक नाही. ते का, हे लिहून ठेवतो आहे. माझ्या नातीनेच तसं बजावलं आहे.

ती माझ्या मुलीची मुलगी. घर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या खेड्यात, धानाची शेती. दहावीला चांगले गुण पडले तेव्हा जावई तिला आमच्याकडे घेऊन आला. डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास गोंदियात, आणि आजोबा वेळेचा पक्का माणूस. मुलगी दोन बॅगा घेऊन आली. एकीत पुस्तकं होती आणि दुसरीत खेळायचे बूट सगळ्यात वर होते.

ती खो-खो खेळायची. शहरातल्या एका मैदानावर एक सर मुलींना शिकवत. फी नाही, काही नाही. तिथे ती रोज संध्याकाळी जाऊ लागली. एकदा मी तिला घ्यायला गेलो होतो. खांबाजवळ ती अशी वळली की मागे लागलेली मुलगी पुढे निघून गेली आणि बाकीच्या हसून लोळल्या. मीही हसलो होतो. हे मी नंतर कोणाला सांगितलं नाही.

अकरावीचं वर्ष बरं गेलं. बारावीत क्लासच्या टेस्टमध्ये तिचे गुण दोनदा उतरले. मी वेळापत्रक नव्याने मांडायला घेतलं. ती शेजारी येऊन बसली.

“आबाजी, ग्राउंडचे दोन तास नका काढू जी.”

“मग कुठून काढू? झोपेतून?”

“केमिस्ट्रीची ट्यूशन काढा. क्लासमध्ये तेच शिकवतात, ट्यूशनमध्येबी तेच शिकवतात. मी एकच गोष्ट दोनदा ऐकून राहिली.”

“लोक पैसे देऊनही जागा मिळत नाही म्हणून रडतात, आणि तू सोडायचं म्हणतेस?”

“ग्राउंडवरून आली की माझं डोकं चालते. नाही गेली की पान उलटत नाही. तुमी पाहा ना स्वतः.”

मी पाहिलं नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात शेवटच्या स्टेशनाच्या आधी थोडी मिनिटं जास्तीची ठेवतात. वाटेत अडलेली गाडी त्यात सावरते. हे मला पाठ होतं. तिच्या दिवसात तशी मोकळी जागा संध्याकाळचे ते दोन तासच होते. पण मला ते वाया जाणारे तास वाटत होते.

त्याच आठवड्यात सर मोटारसायकलवर घरी आले. नात क्लासला गेली होती. विभागीय स्पर्धेसाठी संघ जाणार होता आणि त्यांना पालकांची परवानगी हवी होती. चहाचा कप हातातच ठेवून ते म्हणाले, “बाबूजी, चार दिवसांचा प्रश्न आहे. पुस्तकं सोबत घेऊन येऊ द्या, मी स्वतः अभ्यासाला बसवीन. पण ती नसली तर संघ नेण्यात मतलब नाही. अशी पोरगी मी आजवर शिकवली नाही.”

मी म्हणालो, “सर, खरं सांगू का? तिलाच आता खेळायचं नाही. तुमच्यासमोर बोलायला संकोचते, म्हणून मी सांगतो.”

त्यांनी कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि गेले.

संध्याकाळी ती बूट घालत होती तेव्हा मी म्हणालो, “राहू दे. सर येऊन गेले. त्यांनी तुझ्या जागी दुसरी मुलगी घेतली.”

“काऊन?”

“तुझा वेग कमी झाला म्हणाले.”

हे मी का जोडलं, मला अजून कळत नाही. तेवढ्यावाचूनही काम झालं असतं.

तिने बुटाची नाडी सोडली. “अजून काही म्हणाले का?”

“नाही.”

त्या काळात तिचा फोन मी कपाटात ठेवला होता, अभ्यासासाठी. सरांना विचारायला जाण्याइतकी ती लाचार नव्हती. काही दिवसांनी संघातली एक मैत्रीण ट्यूशनच्या रस्त्यावर भेटली आणि मान फिरवून गेली. नातीने घरी येऊन ते आजीला सांगितलं. मला ऐकू येत होतं. मी पेपर वाचत राहिलो.

पुढच्या महिन्यांत माझं वेळापत्रक तिने शब्दाला शब्द पाळलं. उठायच्या वेळी उठायची, बसायच्या वेळी बसायची. मी दाराशी उभा राहून पाहायचो आणि समाधानाने परत जायचो. पान मात्र तेच असायचं. बायको म्हणाली, “पोट्टी बसून राहते, पण वाचत नाही जी.” मी तिला गप्प केलं. डॉक्टरकीच्या परीक्षेचा निकाल लागला, काही झालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसली, तेव्हाही नाही. मग बी.एस्सी. केली आणि आता ती देवरीत एका शाळेत विज्ञान शिकवते.

नातेवाईक विचारत, इतकी हुशार मुलगी, असं कसं झालं? मी सांगायचो, “खेळाच्या नादात मागे पडली.” लग्नात, तेरवीत, जिथे विषय निघेल तिथे. इतक्यांदा सांगितलं की जावईही तेच सांगू लागला.

गेल्या हिवाळ्यात गोरेगावला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सगळे जमलो होतो. जावयाच्या भावाची मुलगी नववीत आहे, ती कबड्डीसाठी हट्ट धरून बसली होती. तिचा बाप पंगतीत मोठ्याने म्हणाला, “तुह्या ताईचं पाह्य अगोदर. खेळ खेळ करून काय झालं तिचं?”

माझी नात पंगतीला वाढत होती. हातात वरणाचं भांडं होतं. ती हसून म्हणाली, “काका, मी कुठची खेळाडू? सरांनीच काढून टाकलं होतं मले. या पोरीले खेळू द्या, हिच्यात दम आहे.”

सगळे हसले. माझ्या पानात वरण वाढून ती पुढे गेली. सरांनी काढलं, हे ती इतकी वर्षं मनात घेऊन होती आणि आता त्यावर विनोद करत होती.

जेवण झाल्यावर तिला देवरीची बस धरायची होती. मी सोडायला एसटी स्टँडवर गेलो आणि तिथे बाकावर बसून सगळं सांगितलं. सर काय म्हणाले होते, मी काय म्हणालो, वेगाचं मी मनाने जोडलं, तेही. ती समोरच्या ऑटोकडे पाहत होती.

“म्हणजे सर मले न्यायला आले होते?”

“हो.”

“घरी? स्वतः?”

“हो बाई.”

बस आली. ती उठली नाही. बस गेली. मग म्हणाली, “आबाजी, मी दोन वेळा नापास झाली, त्याचं मले एवढं वाटलं नाही. मले वाटे, जे येत होतं, ते खेळणंबी मले येत नव्हतं. आता कायले सांगून राहिले तुमी?”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “मले नका मागू. ज्या ज्या घरी तुमी सांगितलं ना, खेळानं बिघडली म्हणून, त्या घरी जाऊन सांगा. लिहून ठेवा. आणि सरांले सांगा.”

मी घरोघरी गेलो. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. जावई म्हणाला, “बाबूजी, तुमी तिच्या भल्यासाठीच केलं.” एकाने विषय बदलून धानाच्या भावावर नेला. खोटं ऐकताना सगळे थांबून ऐकत होते. नववीतल्या मुलीच्या बापाला मात्र मी सोडलं नाही. तो शेवटी म्हणाला, “पाहू जी,” आणि उठून गेला.

सर अजून त्याच मैदानावर शिकवतात. केस पांढरे झालेत. मी ओळख दिली, तेव्हा लगेच त्यांना आठवलं. मी सगळं सांगत असताना मुलींचा खेळ थांबला होता, त्या आमच्याकडे पाहत होत्या. सरांनी त्यांना हातानेच दुसऱ्या टोकाला पाठवलं.

“बाबूजी,” ते म्हणाले, “मी तिला सगळ्या पोरींसमोर पळपुटी म्हटलं होतं. त्यानंतर कोणी तिच्याशी बोललं नाही.”

ते मला काही वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तिचा नंबर मागितला, मी दिला. घरी आलो तेव्हा बायकोने पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नातीचा फोन आला. औषधं घेतली का, आजीचे पाय कसे आहेत, हे सगळं विचारून झालं. मग म्हणाली, “सरांचा फोन आला होता.”

“काय म्हणाले?”

“ते तुमाले काऊन सांगू, आबाजी?”

आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, “नको सांगू.” तिने फोन ठेवला.